त्रैराशिकात न बसणारे बाळ

काही वर्षांपूर्वी गणित-विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर एक उदाहरण लिहिले होते. ‘६० किलो वजनाच्या माणसाला एका औषधाचे ५०० मिलिग्रॅम लागतात, तर १५ किलो वजनाच्या मुलाला किती लागतील?’ समप्रमाणाचा धडा व्यवहाराशी जोडून दाखवावा, एवढाच हेतू होता. उत्तर आले १२५. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, ‘‘भाचीचं बाळ दोन दिवसांचं आहे, तीन किलोचं. मग त्याला २५ का?’’ आम्ही क्षणभरही न थांबता ‘हो’ म्हटले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

आमचा भागाकार बरोबर होता, उत्तर मात्र चुकीचे होते. दोन दिवसांच्या बाळाला या हिशेबाने दिलेले एखादे औषध जिवावर बेतू शकते, तर दोन वर्षांच्या मुलाला याच हिशेबाने दिलेले दुसरे औषध अपुरे पडू शकते. एकच सूत्र दोन विरुद्ध दिशांनी चुकते. असे का व्हावे? आणि आज या त्रैराशिकाच्या जागी जी सूत्रे वापरली जातात त्यांवर कितपत भिस्त ठेवावी? या लेखात आम्ही त्या सूत्रांची परीक्षा करणार आहोत. आमच्या त्या ‘हो’ची दुरुस्तीही त्यातच होईल.

हौद आणि निचरा

हौद आणि नळ यांची उदाहरणे शिकवून आपण सगळेच कंटाळलो आहोत; पण इथे त्यांचाच उपयोग होतो. शरीर हा हौद समजू. औषधाचा डोस म्हणजे वरून ओतलेला रंग. खालच्या तोटीतून हौदातले पाणी सतत एका यंत्रात जाते. ते यंत्र त्यातला रंग काढून घेते आणि स्वच्छ पाणी परत हौदात सोडते. दर मिनिटाला किती पाणी असे रंगापासून मोकळे होते, तो झाला निचरा. शरीराच्या बाबतीत हे यंत्र म्हणजे मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे. यकृत औषधाच्या रेणूची मोडतोड करते किंवा त्याला दुसरा रेणू जोडून तो पाण्यात विरघळण्याजोगा बनवते. मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात.

औषध रोज दिले जाते तेव्हा रक्तात त्याची पातळी किती राहील, हे हौदाच्या आकारावर नव्हे तर निचऱ्यावर ठरते. निचरा निम्मा असेल तर त्याच रोजच्या मात्रेने पातळी दुप्पट होते. म्हणून मुलाला औषध किती द्यावे या प्रश्नाचा गाभा मुलाचे वजन किती हा नाही. त्याचा निचरा किती, हा आहे. वजनाचे त्रैराशिक मांडताना निचरा वजनाच्या प्रमाणात असतो असे आपण न बोलता गृहीत धरतो. तपासायचे आहे ते हेच गृहीतक.

जुने नियम

हे गृहीतक जुने आहे. औषधशास्त्राच्या पुस्तकांत अनेक पिढ्या यंगचा नियम शिकवला गेला: मुलाच्या वयाला वय अधिक १२ ने भागा, आणि प्रौढ मात्रेचा तेवढा भाग द्या. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे पाव भाग. बारा वर्षांच्या मुलाला निम्मा. क्लार्कच्या नियमात पौंडातले वजन भागिले १५०. तान्ह्या बाळांसाठी फ्राइडचा नियम, त्यात महिन्यांतले वय भागिले १५०.

या नियमांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. रक्तातली औषधाची पातळी मोजण्याची साधने ज्या काळी नव्हती त्या काळी ते तोंडी हिशेबाचे आधार होते, आणि शाळकरी वयाच्या मुलांच्या बाबतीत ते फारसे वाईटही नव्हते. त्यांचा दोष वेगळा आहे. आपण कुठे लागू पडत नाही हे ते सांगत नाहीत. यंगच्या नियमात शून्य वय घातले की मात्रा शून्य येते. तिथे निदान विसंगती लगेच दिसते. वजनाच्या नियमात मात्र तीन किलो घातले तरी एक शहाणेसुरते उत्तर बाहेर पडते. विसंगत उत्तर देणाऱ्या सूत्रापेक्षा शहाणेसुरते चुकीचे उत्तर देणारे सूत्र अधिक धोक्याचे असते.

चूक पहिली : जास्त

१९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे नावाजलेले प्रतिजैविक होते. विषमज्वरावर त्याने असंख्य प्राण वाचवले. अकाली जन्मलेल्या आणि जंतुसंसर्गाचा धोका असलेल्या बाळांनाही ते प्रतिबंधक म्हणून दिले जाई, अर्थात किलोमागे हिशेब करूनच. लॉस एंजेलिसमधील बर्न्स, हॉजमन आणि कॅस या डॉक्टरांनी अशा बाळांचे गट पाडून तुलना केली आणि १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या गटांना क्लोरॅम्फेनिकॉल मिळाले नव्हते त्यांत २० टक्क्यांहून कमी बाळे दगावली होती. ज्यांना मिळाले होते त्यांत सुमारे ६० टक्के किंवा त्याहून अधिक. बाळाचे पोट फुगे, उलट्या होत, अंग राखेसारखे करडे पडे आणि रक्ताभिसरण कोलमडे. वैद्यकात याला ‘ग्रे बेबी’ लक्षणसमूह हे नाव पडले.

कारण पुढच्याच वर्षी, १९६० साली, वाइस, ग्लाझ्को आणि वेस्टन यांनी दाखवून दिले. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या रक्तातले क्लोरॅम्फेनिकॉल निम्मे व्हायला सुमारे चार तास लागत, तर एक-दोन दिवसांच्या बाळात एका दिवसाहूनही अधिक. या औषधाला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते निरुपद्रवी करणारे विकर नवजात यकृतात अजून पुरेसे तयार झालेले नसते. शिवाय मूत्रपिंडांचे गाळणेही अपुरे असते. तोटी जवळजवळ बंद, आणि वरून ओतणे मात्र मोठ्यांच्या प्रमाणात चालू. हौद भरतच गेला. त्यानंतर नवजात बाळांसाठी या औषधाची मात्रा बरीच खाली आणण्यात आली.

ही तोटी अर्धवट उघडी असल्याचे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कित्येक बाळे पिवळी दिसतात. तिथेही याच कुळातले विकर कमी असते. फक्त साचणारा पदार्थ औषध नसून शरीरातच तयार होणारे बिलिरुबिन असते.

चूक दुसरी : कमी

पहिल्या चुकीची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. दुसरीची क्वचितच, कारण तिच्यात बाळ डोळ्यांदेखत करडे पडत नाही. क्षयरोगावरच्या औषधांच्या मात्रा मुलांसाठी अनेक वर्षे प्रौढांच्या किलोमागच्या मात्रेवरूनच घेतल्या जात. आयसोनियाझिड किलोमागे ५ मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन किलोमागे १०. मग मुलांच्या रक्तातल्या पातळ्या मोजल्या गेल्या आणि त्या प्रौढांपेक्षा कमी भरल्या. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने या मात्रा बदलल्या. आयसोनियाझिड किलोमागे १०, रिफॅम्पिसिन १५ आणि पायरॅझिनामाइड २५ वरून ३५. म्हणजे काही ठिकाणी दीडपट, एका ठिकाणी थेट दुप्पट. किलोमागे मोजले तर लहान मूल ही औषधे मोठ्या माणसापेक्षा वेगाने बाहेर टाकते, हे या बदलामागचे मुख्य कारण होते.

क्षयरोगात अपुरी मात्रा म्हणजे रोग रेंगाळणे, आणि जंतूंना औषध पचवायला शिकण्याची संधी. भारतासारख्या देशात ही किरकोळ बाब नव्हे.

या दोन चुका शेजारी ठेवल्या की एक गणिती गोष्ट दिसते. ती वर्गात आवर्जून सांगण्याजोगी आहे. किलोमागचा निचरा उभ्या अक्षावर आणि वय आडव्या अक्षावर घेतले, तर आलेख टेकडीसारखा होतो: जन्मताच खाली, पहिल्या वर्षा-दोन वर्षांत चढत जाऊन प्रौढांच्याही वर, आणि मग किशोरवयापर्यंत हळूहळू उतार. सरळ त्रैराशिक म्हणजे सपाट रेषा. ‘निचरा हा वजनाच्या अमुक घाताच्या प्रमाणात असतो’ असे म्हणून घातांक एकापेक्षा कमी घेतला, तर वजन जितके कमी तितका किलोमागचा निचरा जास्त, आणि हे थेट जन्मापर्यंत. घातांक एकापेक्षा जास्त घेतला तर नेमके उलटे. म्हणजे एकच घातांक असलेले कोणतेही सूत्र एकाच दिशेने जाते. टेकडी काढणे त्याला जमतच नाही. वाद कोणता घातांक खरा हा नाही. एका घातांकाने काम भागणे शक्य नाही, हे आधी मान्य करावे लागते.

आकार गुणिले परिपक्वता

यातून बाहेर पडण्याची आज सर्वांत प्रचलित वाट न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे ब्रायन अँडरसन आणि निक होलफर्ड यांनी २००८ सालच्या एका आढाव्यात सविस्तर मांडली. कल्पना सुटसुटीत आहे. प्रश्नाचे दोन तुकडे करा. पहिला आकाराचा: मूल लहान आहे म्हणून निचरा किती कमी? दुसरा परिपक्वतेचा: अवयव अजून पूर्ण तयार नाहीत म्हणून आणखी किती कमी? दोन्हींचा गुणाकार करा.

आकारासाठी घातांक पाऊण, म्हणजे ०.७५. हा आकडा मॅक्स क्लायबर यांच्या १९३२ सालच्या कामातून आला. निरनिराळ्या प्राण्यांची विश्रांतीतली उष्णतानिर्मिती वजनाच्या पाऊण घाताच्या जवळपास जाते, असे त्यांना आढळले होते. परिपक्वतेसाठी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वक्र वापरतात. तो शून्याजवळ सुरू होतो, मध्ये झपाट्याने चढतो आणि एकापाशी स्थिरावतो. यातले वय जन्मापासून मोजत नाहीत. आईच्या शेवटच्या पाळीपासून आठवड्यांत मोजतात. त्यामुळे सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ आणि पूर्ण दिवसांचे बाळ एकाच अक्षावर बसतात. ही खरोखरच चांगली सूचना होती.

मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगासाठी रोडिन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली या वक्राचे आकडे काढले. ७० किलोच्या प्रौढासाठी मिनिटाला सुमारे १२१ मिलिलिटर, अर्धी परिपक्वता ४७.७ आठवड्यांना, आणि वक्राचा चढ ठरवणारा अंक ३.४. हे आकडे घेऊन आम्ही हिशेब करून पाहिला. पूर्ण दिवसांच्या ३.५ किलोच्या बाळासाठी आकाराचा भाग येतो प्रौढाच्या सुमारे १०.६ टक्के, परिपक्वतेचा ३५ टक्के; गुणाकार ३.८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मिनिटाला साडेचार मिलिलिटर. त्रैराशिकाने आले असते ६, आणि नुसत्या पाऊण घाताने जवळजवळ १३. आता किलोमागे पाहू. २८ आठवड्यांच्या एक किलोच्या बाळात ०.७, पूर्ण दिवसांच्या बाळात १.३, एक वर्षाच्या दहा किलोच्या मुलात २.५, दोन वर्षांच्या बारा किलोच्या मुलात २.६, दहा वर्षांच्या ३२ किलोच्या मुलात २.१ आणि प्रौढात १.७. टेकडी हजर झाली! दोन साध्या तुकड्यांच्या गुणाकारातून एवढे साधते, हे या सूत्राचे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण...

आमचे आक्षेप सूत्र वापरण्याला नाहीत. ते ज्या थाटात सांगितले जाते त्याला आहेत.

पहिला आक्षेप पाऊण घाताबद्दल. क्लायबर यांनी तुलना केली ती वेगवेगळ्या जातींच्या प्राण्यांची. एकाच जातीचे पिल्लू वाढताना काय होते, हा वेगळा प्रश्न आहे. उंदीर हा लहान बैल नाही, तसेच बाळ हे माणसाच्या जातीतला उंदीर नाही. जातींमधला नियम वाढीवर लावणे ही उपमा आहे, पुरावा नाही. पाऊण हा आकडा निसर्गनियम म्हणून सांगितला जातो, पण १८८३ साली माक्स रुबनर यांनी शरीराच्या पृष्ठभागावरून मांडलेला दोन-तृतीयांश घातही अजून स्पर्धेत आहे. दहा किलोच्या मुलासाठी या दोन घातांकांच्या उत्तरांत साधारण १७ टक्क्यांचा फरक पडतो. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांच्या निचऱ्यात याहून कितीतरी मोठा फरक असू शकतो. तेव्हा मोजमापांवरून पाऊण जिंकला असे म्हणणे कठीण आहे. तो सोयीचा संकेत आहे, आणि संकेत म्हणून चांगला आहे, एवढेच म्हणावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेवटच्या पाळीपासून वय मोजल्याने जन्म ही घटनाच सूत्रातून नाहीशी होते. प्रत्यक्षात जन्माबरोबर मूत्रपिंडांचा रक्तप्रवाह बदलतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा गाळण्याचा वेग पहिल्या दोन आठवड्यांत साधारण दुप्पट होतो. सूत्राला विचारले, तर ४० आणि ४२ आठवड्यांमध्ये परिपक्वता ३५ वरून ३९ टक्क्यांवर जाते, म्हणजे नवव्या हिश्श्याची वाढ. वर्षाचा प्रवास रेखाटायला हे सूत्र उत्तम आहे. पहिल्या आठवड्यासाठी नाही. आणि चूक सर्वांत महाग पडते ती याच आठवड्यात. म्हणून एखाद्याने हा वक्र दाखवला की त्याला विचारावे, ‘यात बाळ जन्माला कुठे आले?’

तिसरा आक्षेप: वक्र एक नाही, अनेक आहेत. मूत्रपिंडांचा वेगळा, आणि यकृतातल्या प्रत्येक विकराचा आपला वेगळा. गर्भाच्या यकृतात सायटोक्रोम कुळातले ३ए७ हे विकर मुख्य असते; जन्मानंतर ते मागे पडते आणि ३ए४ पुढे येते. कॅफीन हाताळणारे १ए२ तर जन्मताना जवळजवळ नसतेच. प्रौढाच्या रक्तातले कॅफीन पाचेक तासांत निम्मे होते; अकाली जन्मलेल्या बाळात त्याला सुमारे १०० तास लागतात. उलट पॅरासिटामॉलचे पाहा. त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडणारी वाट नवजात बाळात अरुंद असते, पण सल्फेट जोडणारी वाट तोवर बरीच रुळलेली असते, आणि औषधाचा मोठा भाग त्या वाटेने जातो. एक दार बंद, तर दुसरे उघडे. म्हणून ‘नवजात यकृत कच्चे असते’ हे वाक्यही अर्धवटच आहे. कोणत्या औषधासाठी कच्चे, हे विचारायला हवे.

चौथा आक्षेप गणिताच्या शिक्षकांना लगेच पटेल. बाळात वजन आणि वय हातात हात घालून वाढतात. तेव्हा निचऱ्यातली किती वाढ आकाराची आणि किती परिपक्वतेची, हे मोजमापांवरून वेगळे काढणे अवघड असते. पाऊण आधी ठरवून टाकला की उरलेले सगळे परिपक्वतेच्या खात्यावर जमा होते. घातांक वेगळा घेतला तर अर्ध्या परिपक्वतेचे वयही वेगळे येईल. म्हणून ‘४७.७ आठवडे’ हा मूत्रपिंडाचा स्वतःचा गुणधर्म नाही. पाऊण या निवडीसकट वाचायचा आकडा आहे तो.

दुसऱ्या वाटा

पर्याय म्हणून इफ्तेखार महमूद आणि सहकाऱ्यांनी वयानुसार घातांक बदलण्याची रीत सुचवली. २०१४ साली मांडलेल्या तिच्या एका रूपात तीन महिन्यांपर्यंत १.२, पुढे दोन वर्षांपर्यंत १, पाच वर्षांपर्यंत ०.९ आणि त्यानंतर ०.७५ असे घातांक आहेत. वक्राची भानगड नाही. साध्या गणकयंत्रावर उत्तर येते. पण पायरीवर काय होते ते पाहा. तीन महिन्यांच्या सहा किलोच्या बाळाचा घातांक एका रात्रीत १.२ वरून १ होतो आणि त्याचा अंदाजित निचरा सुमारे ६३ टक्क्यांनी उडी घेतो. दुसऱ्या वाढदिवसाला बारा किलोच्या मुलात आणखी १९ टक्के. मूल असे जिन्याने वाढत नाही. साधेपणासाठी ही किंमत मोजायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण किंमत आहे हे दिसले पाहिजे.

तिसरी वाट खालून वर जाणारी. यकृताचे वजन, त्यातला रक्तप्रवाह, प्रत्येक विकराचे प्रमाण, रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेले औषध, असे सगळे सुटे भाग जोडून संगणकावर शरीर उभे करायचे. ट्रेव्हर जॉन्सन, रोस्तामी-होजेगन आणि टकर यांनी २००६ साली ११ औषधांसाठी नवजात बाळांपासून मोठ्या मुलांपर्यंतचा निचरा अशा रीतीने वर्तवून तो प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिला. तत्त्व म्हणून ही वाट आम्हांला सर्वांत पटते, कारण चूक झाली तर ती कोणत्या भागात झाली हे शोधता येते. पण तिला लागणारी माहिती, विशेषतः तान्ह्या यकृतातल्या विकरांची, थोड्या नमुन्यांवर उभी आहे. सुट्या भागांची संख्या वाढली की आकडे जुळवून घ्यायच्या जागाही वाढतात. शंभर आकडे घालणारे प्रारूप दोन आकडे घालणाऱ्या सूत्राहून खरे असतेच असे नाही.

आणि या तिन्ही वाटांना एक सामाईक मर्यादा आहे. त्या वर्तवतात ते सरासरी मूल. आयसोनियाझिडचा निचरा मुख्यतः एका विकरावर अवलंबून असतो, आणि ते मंद की जलद हे आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. भारतात मंद प्रकारची माणसे मोठ्या संख्येने आढळतात. एकाच वयाची, एकाच वजनाची दोन मुले शेजारी बसलेली असतील, पण औषधाच्या दृष्टीने ती दोन वेगळी शरीरे असतील. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही. दहा किलोचे एक वर्षाचे धट्टेकट्टे मूल आणि दहा किलोचेच अडीच वर्षांचे कुपोषित मूल यांना सूत्र जवळजवळ सारखेच उत्तर देते. कुपोषणात यकृत आणि मूत्रपिंडे कशी वागतात, हा रकाना त्यात नाहीच.

मग सूत्र कशासाठी?

सूत्र हवे, कारण ते नसण्याची किंमत आपण पाहिली आहे. दीर्घकाळ औषधांच्या चाचण्यांतून मुलांना वगळले जाई, त्यांचे रक्षण व्हावे म्हणून. परिणाम असा झाला की चाचणी न झालेली औषधे रोजच्या उपचारात मुलांना अंदाजाने दिली जाऊ लागली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांना ‘उपचारांतली अनाथ मुले’ म्हटले. पुढे कायदे बदलले; २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी अत्यावश्यक औषधांची वेगळी यादीही काढली. चाचणी घ्यायची तर पहिला डोस किती द्यावा, हे ठरवायला अंदाज लागतोच, आणि चांगला अंदाज बाळाला टोचायच्या सुयांची संख्या कमी करतो. सूत्राचे खरे काम हे आहे. ते मोजमापाची सुरुवात करून देते. त्याने मोजमापाची जागा घेऊ नये.

शिवाय शेवटचा शब्द पुष्कळदा सूत्राचा नसतोच. क्षयरोगाच्या पाण्यात विरघळणाऱ्या, मुलांसाठीच्या संयुक्त गोळीत ५० मिलिग्रॅम आयसोनियाझिड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वजनगटांप्रमाणे ४ ते ७ किलोला एक गोळी, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार. आता भागाकार करा. ४ किलोच्या मुलाला किलोमागे १२.५ मिलिग्रॅम मिळतात, ७ किलोच्याला ७.१. गोळी अर्धी-पाव करायची नाही, आणि गावातल्या आरोग्यसेविकेला चुकल्याशिवाय मोजता आले पाहिजे, म्हणून जाणूनबुजून स्वीकारलेला हा फरक आहे. पाऊण की दोन-तृतीयांश या वादातल्या फरकापेक्षा तो मोठा आहे. तो स्वीकारण्यात शहाणपण आहे, कारण इथे मर्यादा उघड मांडलेली आहे. सूत्रे मांडणाऱ्यांनीही तेवढेच करावे, इतकीच आमची अपेक्षा.

वर्गात काय करावे

औषधाच्या मात्रेची उदाहरणे समप्रमाणाच्या धड्यातून आम्ही आता काढून टाकली आहेत. त्याऐवजी नववी-दहावीच्या वर्गाला वर दिलेले सहा आकडे द्यावेत: ०.७, १.३, २.५, २.६, २.१ आणि १.७. आलेख काढायला सांगावे. मग विचारावे, ‘या सहा बिंदूंतून एक सरळ रेषा जाईल का? कोणत्या वयाला ती रेषा घात करील, आणि कोणत्या वयाला अपुरी पडेल?’ हे आकडे सूत्रातून आलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नव्हेत, हेही सांगावे. कोणता आकडा मोजलेला आणि कोणता वर्तवलेला, हे विचारण्याची सवय लागली तर तो तास सार्थकी लागला. आणि यातला कोणताही हिशेब घरी औषध देण्यासाठी नाही, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून लहानग्याला द्यायचा नाही, हे निक्षून सांगावे. मुले घरी जाऊन ते आई-आजीला सांगतात, हा आमचा अनुभव आहे.

त्या शिबिरातल्या बाईंची पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याऐवजी आम्ही विचारायला हवे होते: ‘औषध कोणते? बाळ किती आठवड्यांचे असताना जन्मले? जन्मून किती दिवस झाले?’ आणि मग म्हणायला हवे होते, ‘याचे उत्तर फळ्यावर नाही, बाळाच्या डॉक्टरांकडे आहे.’ तेवढे बोलायला अर्धा मिनिट पुरला असता.